पेटी, तबला, तंबोरा परदेशी पाठवायचाय? बेळगावातून निघण्याआधी हे वाचा

लेकीला पेटी पाठवायची ठरली तेव्हा आमच्या शहापुरातल्या गल्लीत प्रत्येकाकडे सल्ला तयार होता. "पोस्टानं टाका, स्वस्त पडतंय." "कार्गोनं टाका, जपून नेतात." "पाठवालाय कशाला, तिकडं मिळतात की!" शेवटी पाठवली. लेस्टरला पोचल्यावर लेकीनं भाता हलवला, तर पट्टीला हातही न लावता काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी, आपोआप वाजायला लागली. खोकं धड होतं, कोपरासुद्धा चेपला नव्हता. मोडलं होतं ते आतलं, आणि ते मोडणारी मीच. कसं, ते पॅकिंगच्या भागात सांगते.

त्यानंतर मेलबर्नच्या भाच्याला तबलाजोडी गेली आणि मैत्रिणीच्या मुलीसाठी एक तंबोरा टोरांटोला गेला. त्या अनुभवातून जमलेलं इथं लिहितेय.

१. कुणी जाणारं आहे का, ते आधी बघा

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे ओळखीचा प्रवासी. शिकायला जाणाऱ्या मुलांकडे दोन बॅगा असतात, एखादीत जागा निघते. आंतरराष्ट्रीय प्रवासात एका बॅगेला सहसा २३ किलो चालतात आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर. फोल्डिंग पेटी यात बसते. तबल्यांची जोडीही बसते. तंबोरा बसत नाही.

आपल्याकडची अडचण पहिल्याच टप्प्यावर येते. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, निघणाऱ्या देशांतर्गत विमानात बहुतेक वेळा १५ किलोच चालतात. पुढचं तिकीट वेगळं काढलेलं असेल, तर तिकडची २३ किलोंची सवलत इथं कुणी मानत नाही, जादा वजनाचे पैसे मोजावे लागतात. म्हणून आमच्याकडची बरीच मंडळी वाद्य असेल तर चोर्ल्याच्या घाटातून गोवा गाठतात, नाहीतर रात्रीच्या बसनं मुंबई.

दोन गोष्टी पाळा. बंद खोकं कुणाच्या हातात देऊ नका. नेणाऱ्याच्या समोर भरा, त्याला आत काय आहे ते दाखवा. विमानतळावर "बॅग तुम्हीच भरली का?" असं विचारतात, तेव्हा त्या पोराला खोटं बोलायला लागू नये. आणि तुम्ही स्वतः कार्यक्रमाला वाद्य घेऊन जाऊन परत आणणार असाल, तर निघताना विमानतळावरच्या कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. नाहीतर परतताना आपलंच वाद्य "तिकडून विकत आणलंय का?" म्हणून अडतं.

२. माप घ्या, मग भाव विचारा

फोनवर "चौदा किलोची पेटी आहे, किती पडतील?" असं विचारलंत तर मिळालेला आकडा विसरून जा. कुरिअरवाले खरं वजन आणि आकाराचं वजन दोन्ही काढतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. आकाराचं वजन म्हणजे खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. विमानाच्या कार्गोत बहुतेक ठिकाणी ६०००नं भागतात.

माझंच उदाहरण घ्या. पेटी ५८ बाय ३२ बाय २८ सेंटीमीटर, वजन १४ किलो. आमच्या ह्यांनी ओळखीच्या दुकानातून रिकामं खोकं आणलं, ७५ बाय ४५ बाय ४०. हिशेब केला तर २७ किलो! म्हणजे तेरा किलो हवेचे पैसे. मग उद्यमबागेत कारखान्यांना मापाची खोकी करून देणाऱ्याकडे गेलो. त्यानं ६८ बाय ४० बाय ३६चं सात पदरी खोकं करून दिलं. १९.६ किलो झाले. सात किलोंच्या वर वाचले, आणि खोक्याचा खर्च त्यापुढं काहीच नव्हता. पैसा वाचवायचा तो इथं. कुरिअरवाल्याशी घासाघीस करून वाचतो तो किरकोळ.

पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टात साधारण नियम असा की कुठलीही एक बाजू दीड मीटरच्या वर नको आणि लांबी अधिक घेर तीन मीटरच्या आत हवा. वजनाची मर्यादा देशागणिक बदलते, ती खिडकीवर विचारा. पाच फुटी मर्दानी तंबोरा खोक्यासकट दीड मीटरच्या पुढं जातो, त्याला पोस्टाचा रस्ता बंद. जनानी तंबोरा बसू शकतो, पण टेप लावून बघा, अंदाजावर जाऊ नका.

घरच घेऊन कायमचे चालला असाल, तर सामानाबरोबर जहाजानं पाठवा. एकट्या पेटीसाठी जहाज परवडत नाही, बंदरावरचे वेगवेगळे खर्च वाद्याच्या किमतीला भिडतात.

३. वाद्य कशाकशाचं बनलंय?

हा भाग लोक गाळतात आणि अडकतात तेही इथंच.

*लाकूड.* शिसवाचा तबला असेल, तर शिसव डलबर्जिया जातीत मोडतं. २ जानेवारी २०१७पासून ही सगळी जात साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आली आणि तबला पाठवणाऱ्यांची पंचाईत झाली होती. २६ नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, फक्त ब्राझिलियन रोजवूडला नाही. त्यामुळे जोडी पाठवता येते, पण बिलावर लाकडाचं नाव खरं लिहा. सूट तयार वाद्याला आहे. तबल्याचं नुसतं कोरलेलं खोड "तिकडं पुडी (वरचं कातडं) चढवून घेऊ" म्हणून पाठवणार असाल, तर त्याचा हिशेब वेगळा होतो.

*हाड आणि शिंग.* जुन्या सतारी-तंबोऱ्यांच्या घोड्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, हरणाच्या शिंगाच्या असत, नक्षी हस्तिदंताची. दोन्ही आता बाहेर पाठवता येत नाहीत, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. आजची घोडी उंटाच्या हाडाची, शिसवाची किंवा प्लास्टिकसारख्या मालाची असते. कारागिराकडून बिलावर तसं लिहून घ्या.

*वय.* आजोबांचा तंबोरा नातीला द्यायची हौस आपल्याकडे फार. वाद्य शंभर वर्षांच्या वरचं असेल, तर पुरावशेष कायद्यात ते अडकू शकतं. तेवढं जुनं नसून नुसतं दिसत असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून "हे पुरावशेष नाही" असा दाखला काढावा लागतो. माझं मत विचाराल, तर खरोखर जुनं वाद्य घरीच ठेवा. तिकडच्या हिटरच्या कोरड्या हवेत शंभर वर्षं मुरलेली दांडी तडकायला एक हिवाळा पुरतो.

*कातडं आणि भोपळा.* इंग्लंडात त्रास नाही झाला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मात्र कडक. पुडीला केस राहिलेले, वादीत (पुडी ताणून धरणाऱ्या कातडी पट्टीत) माती, भोपळ्याच्या आत बिया किंवा किड्यांची भोकं दिसली, की वाद्य अडवून ठेवतात, प्रक्रिया करतात नाहीतर नष्ट करतात, आणि खर्च आपल्याच माथी. भाच्याच्या जोडीची मी जुन्या टूथब्रशनं वादी-वादी घासली होती.

४. कागद

- ओळखपत्राची प्रत. आधार, पॅन किंवा पासपोर्ट, कुरिअरवाला मागेल तसं.
- बिल. जुनं वाद्य असेल तर साध्या कागदावर किमतीचं स्वतःचं पत्र.
- आत काय काय आहे त्याची यादी. हातोडी, चुंबळ, कव्हरसुद्धा.
- कस्टमचं घोषणापत्र. पोस्टात सीएन २३ असतं.
- वाद्याचे फोटो. चारी बाजूंनी, आणि पॅकिंगच्या प्रत्येक पायरीचे.
- कस्टमच्या वर्गवारीचा आकडा. पेटीला ९२०५, तबल्याला ९२०६, सतार-तंबोऱ्याला ९२०२. पुढचे अंक त्या-त्या देशाप्रमाणं बदलतात.

स्वतःच्या माणसाला भेट म्हणून पाठवताय तर निर्यातदाराचा आयईसी क्रमांक लागत नाही. विकत असाल तर लागतो. मग भेट म्हणून खपवू नका. व्यापारी मालासाठी पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथं रीतसर होतं.

आता खास सीमाभागातला घोळ. माझ्या पासपोर्टावर 'बेलगाम', आधारवर 'बेळगावी', आणि मिरजेच्या कारागिरानं बिलावर लिहिलं 'बेळगाव'. १ नोव्हेंबर २०१४ला गावाचं अधिकृत नाव बदललं, जुने कागद तसेच राहिले. माणसाला कळतं की गाव एकच, कॉम्प्युटरला कळत नाही. त्यात नावांचा गोंधळ. एका कागदावर आपल्या पद्धतीनं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, तर दुसऱ्यावर नावापुढं नुसतं इनिशियल. माझं पार्सल यापायी दोन दिवस तसंच पडून होतं. ज्या ओळखपत्राची प्रत देणार, त्यावरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर बिलावर आणि फॉर्मवर उतरवा.

वर्णन लिहिताना 'म्युझिकल आयटम' एवढ्यावर भागवू नका. पहिल्या खेपेला काउंटरवरच्या पोरानं हार्मोनियमचं 'हार्मोनिका' केलं आणि मी सही ठोकली. हार्मोनिका म्हणजे तोंडानं वाजवायचा माउथ ऑर्गन! तिकडचं कस्टम विचारतंय, चौदा किलोचा माउथ ऑर्गन? चार ईमेल गेले तेव्हा सुटलं. त्यापेक्षा सरळ लिहा: 'हँड पंप्ड रीड ऑर्गन, हार्मोनियम, वुड अँड ब्रास, यूज्ड, गिफ्ट, नॉट फॉर सेल.' फॉर्म इंग्रजीतच भरा. पत्ता मराठी-कन्नडात लिहिला तर तो देशाबाहेर कुणी वाचणार नाही.

किंमत खरी लिहा. "पाचशे रुपये लिहा, ड्यूटी लागत नाही" असा सल्ला हमखास मिळतो. पेटी मोडली तर भरपाईही त्या पाचशेचीच. शिवाय ब्रिटनमध्ये भेटवस्तूला ३९ पौंडांपर्यंतच कर माफ, त्यापुढं गेलं की २० टक्के व्हॅट. चांगली पेटी त्या ३९ पौंडांत कुणाच्या बापाला बसत नाही, तेव्हा घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. मुलगी नुकतीच तिकडं राहायला गेली असेल आणि पेटी तिचीच, सहा महिन्यांहून जास्त वापरलेली असेल, तर मात्र 'ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स'ची सूट मागता येते. तिनं तिकडून अर्ज करायचा, आणि सामान जाऊन राहिल्यापासून वर्षाच्या आत पोचायला हवं. हे मला उशिरा कळलं.

अमेरिकेला पाठवणाऱ्यांनी जुन्या आठवणींवर विसंबू नये. ८०० डॉलरपर्यंतची माफी २९ ऑगस्ट २०२५पासून बंद झाली. त्या गडबडीत आपल्या पोस्टानं अमेरिकेची बुकिंगं थांबवली होती, ती १५ ऑक्टोबरला परत सुरू केली. बुकिंगच्या आठवड्यात चालू नियम विचाराच.

५. पॅकिंग

आता माझी काळी दोन. मला वाटलं, आत काही हलू नये म्हणून पट्ट्यांवर जुनी साडी घट्ट कोंबावी. कोंबली, वरून झाकण दाबून बसवलं. महिनाभर त्या पट्ट्या दबलेल्या राहिल्या. पट्टीखालची तार म्हणजे एक बारीकशी स्प्रिंग. ती वाकली की पट्टी पुरती वर येत नाही, खालचं भोक उघडं राहतं, आणि भाता हलवला की सूर वाजतच राहतो.

पेटीवाल्या मामांनी नंतर रीत दाखवली, ती अशी. भाता पूर्ण मिटवून कडी लावायची. हवा सोडणारे समोरचे सगळे खटके आत. कप्लर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी दाबणारी सोय) बंद. स्केल चेंजर असेल तर पट्ट्यांची फळी एका टोकाला सरकवून बाजूला कापडाची घडी, म्हणजे ती सरकणार नाही. पट्ट्यांवर बोटभर जाडीचा मऊ फोम *नुसता ठेवायचा*. झाकण लावल्यावर त्यानं पट्ट्यांना टेकावं, दाबू नये. मामा म्हणाले, "वहिनी, कडी लावण्याआधी खटके बाहेर ठेवून झाकण लावा आणि भाता मारून बघा. एकही सूर बोलला तर फोम जाड आहे." इतकी सोपी परीक्षा, पण कुठं लिहिलेली सापडत नाही. भात्याची कडी प्रवासात निसटते म्हणून वरून सुती पट्टा बांधा. चिकटपट्टी पॉलिशवर थेट लावू नका, निघताना रंग घेऊन निघते.

तबल्याचे गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) वर सरकवा, ताण निम्म्यावर आणा. वादी सोडू नका. पुडीच्या मापाची पुठ्ठ्याची चकती कापून, मध्ये फोम घालून वर बांधा, म्हणजे मधल्या काळ्या शाईवर काही आपटत नाही. हातोडी कापडात गुंडाळून खोक्याच्या दुसऱ्या टोकाला. पितळी डग्गा आणि तबला यांच्यामध्ये जाड थर हवा, नाहीतर प्रवासभर डग्गा लाकडावर ठोके देत जातो.

तंबोरा मी स्वतः पॅक करणार नाही, तुम्हीही करू नका. बेळगावातून मिरजेला गाडीनं जायचं, सतारमेकर गल्लीत ज्यानं बनवला त्यालाच सांगायचं. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे कारागीर परदेशी वाद्यं पाठवत आलेत. वाद्य मोडतं ते गुळूपाशी, दांडी आणि भोपळा जुळतात तिथं. तारा उतरवायच्या, घोडी चिकटवलेली नसेल तर काढून मणी आणि जवारीच्या (तारेखाली सरकवायच्या) धाग्यांबरोबर वेगळं पाकीट करायचं, दांडीखालची पोकळी फोमनं भरायची म्हणजे दांडी अधांतरी राहत नाही. तंबोऱ्याला फायबरचं कडक कव्हर घ्याच. जमलं तर मिरजेहूनच रवाना करा. बेळगावला आणून परत पाठवण्यात एक हाताळणी वाढते.

यानंतर बाहेरचं खोकं. वाद्य बबल रॅपमध्ये, ते पातळ खोक्यात, ते सात पदरी खोक्यात, मध्ये चारी बाजूंना चार-पाच सेंटीमीटर घट्ट फोम. हलवून बघा, आवाज आला तर उघडा. मग खोकं कमरेच्या उंचीवरून गादीवर टाकून बघा. हो, खरंच. तुमचं काळीज धडधडत असेल, तर वाटेतल्या गोदामात काय होणार याचा विचार करा.

सुताराकडून लाकडी खोकं करून घेणाऱ्यांना एक सांगते. साध्या फळ्यांचं पॅकिंग परदेशी चालत नाही. ते उष्णतेनं प्रक्रिया केलेलं आणि आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का असलेलं लागतं. प्लायवुडला ही अट नाही, पण आतून आधाराला कच्च्या लाकडाच्या जाड पट्ट्या ठोकल्या की अट परत आली.

आणि पावसाळ्यात पाठवू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाकूड फुगलेलं, पुडी ओली. खानापूरकडच्यांना तर सांगायलाच नको. दिवाळीनंतर चार-सहा आठवडे कोरडी हवा मिळाली की मग भरा.

६. खोक्यात हे घालू नका

सासूबाईंनी पेटीच्या बाजूच्या फटीत कुंद्याचा डबा सरकवला होता. नातीला कुंदा आवडतो, त्यांचं काय चुकलं? पण दुधाचे पदार्थ ब्रिटन अडवतं, ऑस्ट्रेलियाही. घोषणापत्रात नसलेली वस्तू सापडली की अख्खं खोकं उघडतात, आणि परत बांधणारा आपल्यासारखा बांधत नाही. नशिबानं चिकटपट्टी लावण्याआधी दिसला. तो डबा आम्हीच संपवला.

किडा लागू नये म्हणून डांबरगोळ्या आणि कापूर घालायची सवय असते. दोन्ही ज्वलनशील मालात येतात, विमानात चालत नाहीत. सिलिका जेलच्या पुड्या घाला. इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा ट्यूनर सोबत असेल तर सेल काढून इथंच ठेवा. भाताची पिंजर (पेंढा) पॅकिंगला वापरू नका, फळांची जुनी खोकीही नकोत. धुतलेल्या सुती साड्या मात्र उत्तम.

७. बुकिंगच्या दिवशी

सकाळी जा, खोकं पूर्ण बंद न करता जा, चिकटपट्टीचं रीळ सोबत न्या. पोस्टात किंवा कुरिअरकडे उघडून बघायला मागतात. वजन तुमच्या डोळ्यांसमोर करा, माप तुमच्या टेपनं. विम्याचं विचारा आणि त्यात काय *नाही* तेही विचारा. सूर उतरणं आणि 'अपुरं पॅकिंग' सहसा त्यात धरत नाहीत, म्हणून तर ते फोटो. पावती घरी येऊन मोबाईलवर काढून ठेवा, ती शाई उडते.

८. तिकडं पोचल्यावर

घेणाऱ्याला आधीच सांगा: सही करण्याआधी खोक्याचे फोटो काढ, फाटलेलं असेल तर पावतीवर तसं लिही. मग लगेच उघडू नको. दिवसभर खोलीत तसंच राहू दे, विशेषतः थंडीत. उघडताना व्हिडिओ काढ. तबला एकदम चढवू नको, दोन-तीन दिवसांत हळूहळू गट्टे खाली घे.

पेटी दुरुस्त करणारा तिकडं गल्लीत मिळत नाही. म्हणून दुसऱ्या खेपेपासून मी एक पाकीट सोबत घालते आणि यादीतही लिहिते. पेटीबरोबर पट्टीच्या चार-सहा तारा, भात्याला चिकटवायच्या कातड्याच्या पट्ट्या, दोन सुटे सूर (आवाज देणाऱ्या पितळी पत्त्या). तबल्याबरोबर एक वादी. लेस्टरची ती काळी दोन लेकीनं अशीच नवी तार घालून बसवली, मामांनी व्हिडिओ कॉलवरून "आता चिमट्यानं धर, अगं डावीकडं, डावीकडं" करत सांगितली. पाऊण तास लागला. मग तिनं भाता मारला, सगळं गप्प होतं.